डबाबंद मालाची तक्रार करताय? या चुका टाळा

फसवं लेबल किंवा खराब डबा घेऊन लोक माझ्याकडे येतात, तोवर बहुतेकांनी पुरावा स्वतःच्या हाताने संपवलेला असतो.

सगळ्यात घातक चूक: आधी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, मग तक्रार. कोपरखैरण्याच्या एका ताईंनी अननसाचे आयात केलेले डबे घेतले. एका डब्यावर आयातदाराचं स्टिकर नेमकं मूळ तारखेवर चिकटवलेलं. ताईंनी ते नखाने खरवडून काढलं, खाली उलटून गेलेली मुदत दिसली आणि फोटो लगेच ग्रुपवर. त्याच ग्रुपमध्ये दुकानदारही होता! अन्न सुरक्षा अधिकारी आले तेव्हा त्या बॅचचा एकही डबा दुकानात नव्हता. ‘स्टिकर यांनीच फाडलंय, डबा माझ्याकडचा कशावरून?’ हा त्याचा सवाल. पक्कं बिल नव्हतं, यूपीआयचा मेसेज तेवढा होता. त्यावर मालाचं नाव थोडंच असतं? प्रकरण तिथेच बारगळलं. मला त्याचा आजही संताप येतो.

कारवाई उभी राहते ती अधिकाऱ्याने रीतसर घेतलेल्या नमुन्यावर. त्याचे चार भाग सील होतात, एक अन्न विश्लेषकाकडे (नमुना तपासणाऱ्या सरकारी तज्ज्ञाकडे) जातो, त्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. म्हणून माझी सवय सांगते: त्याच बॅचचा दुसरा डबा पक्क्या बिलावर घ्यायचा आणि तो उघडायचा नाही. झाकणावर किंवा बुडाला उमटवलेला बॅच नंबर, तारीख, पूर्ण लेबल यांचे फोटो काढायचे. मग एफडीएचा, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री १८००२२२३६५, नाहीतर सरळ त्यांचं ठाणे शहरातलं कार्यालय. ग्रुपवर सांगायचंच असेल तर नमुना घेतल्यावर सांगा.

फुगलेला डबा ‘वास घेऊन बघू’ म्हणून उघडू नका. मशरूम, मका, मटार यांसारख्या कमी आंबट पदार्थांत बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं आणि ते वासावरून कळेलच असं नाही. चव तर अजिबात नको. पिशवीत बांधून वेगळा ठेवा.

पैसे परत मिळतात म्हणून डबा दुकानदाराला देऊन मोकळं होऊ नका.

स्वतः तपासणी करून घ्यायची असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ चं कलम ४० वाचा. तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. माल नियमात बसत नाही असं अहवालात आलं तर फी परत मिळते. घाईने परस्पर लॅब गाठणारे नेमकं हेच विसरतात.

तक्रारीत सरसकट ‘भेसळ’ लिहू नका, प्रकारानुसार शिक्षा वेगळी असते. फसव्या लेबलला ३ लाखांपर्यंत दंड, कमी दर्जाच्या मालाला ५ लाखांपर्यंत, असुरक्षित अन्नाला तुरुंगवाससुद्धा. वजन कमी भरलं तर तक्रार वैधमापनकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी विभागाकडे.

लेबलवर १४ आकडी परवाना क्रमांक दिसला की लोक निर्धास्त होतात. तो फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी साइटवर टाकून बघा, परवाना चालू आहे का आणि कुणाच्या नावावर आहे ते कळतं.