डिझेल सांडलेली माती बॅक्टेरियाकडून साफ कशी करून घ्यायची

शेतात इंजिनपाशी किंवा जनरेटरखाली डिझेल सांडलं की लोक वरून माती लोटतात नाहीतर निरम्याच्या पाण्याने धुवून काढतात. दोन्ही करू नका, धुतलेलं डिझेल खाली मुरून विहिरीकडेच जातं. डिझेल खाणारे बॅक्टेरिया, स्यूडोमोनास वगैरे, मातीत आधीपासूनच असतात, त्यांना कमी पडते ती हवा, ओल आणि नत्र-स्फुरद. 1989 साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजाचं तेल किनाऱ्याला लागलं तेव्हाही तिथे खत मारून तिथल्याच बॅक्टेरियांना जोर दिला होता, म्हणून महागडं कल्चर लगेच विकत आणू नका.

आधी गळती बंद करा. मग वास येतो तिथपर्यंतची माती खणून काढा, जाड ताडपत्रीवर वीतभर थर पसरा आणि ढेकळं बारीक फोडा. जवळपास विडीकाडी अजिबात नको.

आता खत. सांडलेल्या दर लिटर डिझेलमागे अंदाजे 150 ग्रॅम युरिया आणि 100 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट पुरतं, पण एकदम ओतू नका, तीन-चार हप्त्यांत द्या, जास्त युरियाने बॅक्टेरियाच मरतात. सोबत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, माती भुसभुशीत राहते.

ओल म्हणजे वाफसा हवा, चिखल नाही. मूठ आवळली की गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये. पाणी साचलं की हवा बंद, आणि हवा बंद म्हणजे काम जवळपास थांबलंच. म्हणून आठवड्यातून एकदा फावड्याने खालची माती वर करा, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमका याचाच लोक कंटाळा करतात! पावसात वरून झाका.

दोन-चार महिने लागतात, थंडीत जास्तच. वास गेला म्हणजे झालं असं नाही, थोडी माती ग्लासभर पाण्यात ढवळून बघा, वर रंगीत तवंग दिसला तर अजून चालू ठेवा. तवंग नसेल तर त्या मातीत आणि साध्या मातीत मेथी पेरून दोन्हीकडची उगवण बघा. सारखी आली तर माती कुंपणाच्या झाडांना घाला, भाजीला नको.

गाडीतून काढलेल्या काळ्या ऑइलला मात्र हा उपाय पुरत नाही, त्यात शिसं, जस्त असे धातू असतात आणि धातू कुठलाही बॅक्टेरिया संपवू शकत नाही. आणि ड्रमच्या ड्रम सांडले असतील किंवा विहिरीच्या पाण्याला वास येत असेल तर ते पाणी पिणं थांबवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा.