दिवे बंद झाल्यावरचा आकडा बघा: घरातल्या बंदिस्त लागवडीत या चुका टाळा

“दादा, खोडावर करडी लव आलीय, काय फवारू?” असा फोटो आला की मी औषधाचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, रात्री दिवे बंद झाल्यावर खोलीत आर्द्रता किती असते? उत्तर ठरलेलं: “पंचावन्न-साठ. मी रोज बघतो.” कधी बघतोस? “संध्याकाळी, पाणी घालताना.” म्हणजे दिवे चालू, पंखे चालू, खोली गरम. त्या वेळी आकडा चांगलाच दिसणार. झाडं सडतात ती पहाटे, आणि पहाटेचा आकडा कुणी बघितलेलाच नसतो.

खोलीत, कपाटात, तंबूत दिव्यांखाली टोमॅटो, मिरची, लेट्यूस किंवा रोपं वाढवणाऱ्यांकडून त्याच त्या चुका होताना बघून खरंच वाईट वाटतं. कारण यातल्या बऱ्याच चुका एक पैसा खर्च न करता सुधारता येतात, आणि लोक मात्र आधी यंत्र विकत घेतात, मग औषध, आणि सगळ्यात शेवटी मीटरकडे बघतात.

दिवसाच्या टक्केवारीवर विसंबून राहणं

मीटरवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्यातली किती टक्के आत्ता आहे, एवढंच तो आकडा सांगतो. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. त्यामुळे खोलीतलं पाणी थेंबभरही वाढलं नाही, नुसती खोली गार झाली, तरी आकडा चढतो. 28 अंश आणि 60 टक्के अशी खोली दिवे बंद झाल्यावर 20 अंशांवर उतरली, तर तीच हवा 97 टक्क्यांवर जाते. त्या हवेचा दवबिंदू असतो साधारण साडेएकोणीस अंश. पान किंवा रॅकची पट्टी हवेपेक्षा एखाद्या अंशाने गार असली की तिच्यावर दव धरायला लागतं.

हे मी चौदा टोमॅटो घालवून शिकलो. झाडं छातीएवढी झाली होती, पहिले घोस धरले होते. एका संध्याकाळी बसून मी खालची पानं काढली, प्रत्येक झाडाची चार-पाच. मग सवयीने पोटभर पाणी घातलं आणि दिवे बंद व्हायच्या वेळेला दार लावून घेतलं. मीटर 28 अंश, 60 टक्के दाखवत होतं. पुढचे आठ दिवस मी रोज तोच आकडा बघत होतो आणि रोज निर्धास्त होत होतो. नवव्या दिवशी पान तोडलेल्या जागी खोडावर तपकिरी डाग दिसला. बोट लावलं तर साल मऊ. दोन दिवसांत त्यावर राखेसारखी करडी लव आली आणि झाडाला हात लागला की त्यातून धुरासारखे बीजाणू उडायला लागले. डाग खोडाभोवती फिरला की वरचं झाड उभ्या उभ्या माना टाकायचं. कच्च्या फळांसकट.

पहाटे चार वाजता उठून खोलीत गेलो तेव्हा कारण समोर होतं. रॅकच्या लोखंडी पाइपवर बोट फिरवलं, बोट ओलं. पानांच्या कडेने ओळीने थेंब उभे होते. मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि दमट हवेत ते पानांतून उडत नाही, तेव्हा झाड ते असं कडेने बाहेर टाकतं. मीटर 20 अंश, 96 टक्के. करडी बुरशी झाडात शिरायला ओली जखम शोधते, आणि मी तिला संध्याकाळी चौदा झाडांवर मिळून साठेक जखमा करून दिल्या होत्या.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत आणि ते मी मोडत नाही. पानं काढायची ती दिवे लागल्यावर तासाभरात, म्हणजे जखम दिवसभरात कोरडी होते. पाणीही त्याच वेळी. दिवे बंद व्हायच्या आधीच्या तीन तासांत खोलीत झारी न्यायचीच नाही. एक्झॉस्ट पंख्याचा टायमर दिव्यांच्या टायमरला जोडायचा नाही. दिवे बंद झाल्यावर पंखा निदान दोन तास चालला पाहिजे, कारण आकडा सगळ्यात वेगाने चढतो तो तेव्हाच. आणि रात्र फार गार होऊ द्यायची नाही. दिवसा 25 अंश, 60 टक्के आणि रात्री 21 अंश ठेवलं तर आर्द्रता 76 च्या आसपास थांबते. सात-आठ अंशांची उडी चार अंशांवर आणली की निम्मी बुरशी तिथेच संपते, हा माझा अनुभव. त्यासाठी कधी कधी रात्री थोडी ऊब द्यावी लागते. “खर्च वाढतो” म्हणून ती टाळणारे लोक नंतर बुरशीनाशकावर त्याहून जास्त घालवतात.

कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारं मीटर घ्या. बाकी काही घ्यायच्या आधी हे घ्या.

मीटर म्हणेल ते खरं मानणं

पण तेही मीटर चुकू शकतं. स्वस्त डिजिटल मीटरमध्ये पाच टक्के इकडे-तिकडे ही साधी गोष्ट आहे, आणि जुनं झालं की आणखी. तपासणं सोपं आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत किंवा डब्यात ठेवा आणि खोलीच्या साध्या तापमानाला रात्रभर हात लावू नका. सकाळी आत 75 टक्के दिसलं पाहिजे. ओलं मीठ बंद जागेतली हवा याच आकड्यावर आणून ठेवतं, 25 अंशांच्या आसपास त्यात फारसा फरक पडत नाही. माझ्या एका मीटरवर 67 आलं. त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून “+8” लिहून ठेवलंय, आजही तेच वापरतो. फेकून द्यायची गरज नाही, चूक किती ते माहीत असलं की पुरे.

आणि ते टांगायचं कुठे? शेंड्यांच्या उंचीवर, सावलीत. दिव्याच्या थेट उजेडात टांगलेलं मीटर हवेचं नाही, स्वतःच्या डब्याचं तापमान सांगतं. मी एका साध्या कागदी पेल्याचा बूड कापून तो मीटरवर छपरासारखा अडकवतो.

यंत्रांना एकमेकांशी भांडायला लावणं

ओळखीच्या एका मुलाने मोठ्या हौसेने मिरची लावली होती. पानांच्या कडा वाळून वळायला लागल्या, मीटर 35 टक्के. त्याने ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत वाफ सोडणारं यंत्र, आणला. आकडा 38. मग मोठा आणला. 41. तिसरा आणायच्या आधी त्याने मला बोलावलं, हे त्याचं मी कौतुकच करतो. आत शिरलो तर एक्झॉस्ट पूर्ण वेगाने फिरत होता. खोली साधारण 20 घनमीटरची, पंखा तासाला 200 घनमीटर हवा ओढणारा. म्हणजे दर सहा मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बाहेर, आणि तिच्याबरोबर ह्युमिडिफायरने टाकलेली सगळी वाफही. मी एकही वस्तू आणायला सांगितली नाही. पंख्याचा वेग कमी केला आणि एक ह्युमिडिफायर बंद केला. दुसऱ्या दिवशी 55.

उलट बाजूने हीच चूक डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, लावणारे करतात. एक लिटर पाणी हवेतून काढलं की वाफेत दडलेली साधारण 0.7 युनिटएवढी उष्णता खोलीत मोकळी होते, वर यंत्राने खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते. खोली तापते, म्हणून लोक एसी वाढवतात. एसी गरजेपेक्षा मोठा असला की चटकन गार करून बंद पडतो आणि पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. दिव्यांचंही तेच: 300 वॅटचा एलईडी म्हणजे खोलीपुरता जवळपास 300 वॅटचा हीटरच. “एलईडी गार असतो” हे वाक्य ऐकून कुणी वायुवीजन कमी करू नये.

आणि एक हिशोब प्रत्येकाने एकदा तरी मांडावा. 25 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते. 20 घनमीटरच्या खोलीत 460 ग्रॅम. खोली आधीच 60 टक्क्यांवर असेल तर आणखी 184 ग्रॅम पाण्याने ती पूर्ण भरते. एका पेल्याएवढं पाणी! झाड जेवढं पाणी शोषतं त्यातलं 95 टक्क्यांहून जास्त पानांवाटे हवेत सोडतं. रोज चार लिटर घालत असाल तर रोज जवळपास चार लिटर खोलीबाहेर गेले पाहिजेत, पंख्याने जावोत की यंत्राने. यावर वाटीभर सिलिका जेलच्या पुड्या किंवा कोळशाची टोपली ठेवणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं आहे. असल्या युक्त्या सांगणाऱ्यांनी त्या पुड्यांचं वजन रात्री आणि सकाळी करून बघावं.

बाहेरची हवा आत घेताना बाहेर काय आहे तेही बघा. पाऊस चालू असताना गरम, दमट हवा ओढून आत कोरडेपणा येत नाही. बाहेरची हवा गार असेल तर मात्र तिचा आकडा 90 असला तरी आत तापल्यावर ती कोरडी पडते.

बाकीच्या, थोडक्यात

पंखा थेट झाडावर रोखू नका. पानं हलकी डुलली की पुरे, फडफडली की कडा करपतात.

रोपांच्या ट्रेवरचं पारदर्शक झाकण उगवण झाल्यावरही तसंच ठेवलं की रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. दोन-तीन दिवसांत थोडं थोडं उघडत काढून टाका.

लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या की लोक कॅल्शियम ओततात. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं. हवा कोंदट असेल तर पाणी चढतच नाही. आधी हवा हलवा.

भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीला, पान ओलं असण्याची गरज नसते, नुसती दमट हवा आणि दाट पाला पुरतो. त्यामुळे “पानं तर कोरडी आहेत” हे उत्तर नाही.

फार कोरडं आणि गरम ठेवलंत तर लाल कोळी येतो. पानाची खालची बाजू भिंगाने बघायची सवय ठेवा.

अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्ये (पाण्याचं धुकं करणाऱ्या) क्षारांचं जड पाणी घातलं की पानांवर पांढरी भुकटी बसते, ती भुरी नव्हे.

पाण्यात मुळं वाढवत असाल तर हवेइतकंच पाण्याचं तापमान मोजा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना साडेसात. मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात ती बहुतेक वेळा गरम पाण्यात. बर्फाच्या बाटल्या टाकून पाणी तासाभरात दहा अंश खाली आणू नका. टाकी दिव्यांच्या उष्णतेपासून दूर, झाकून ठेवा.

एका दिवसात पाच गोष्टी बदलणं

नवशिक्यांची ही सवय मला सगळ्यात जास्त टोचते. सकाळी पंखा वाढवला, दुपारी दिवा वर घेतला, संध्याकाळी ह्युमिडिफायर, रात्री खत. तिसऱ्या दिवशी झाड सुधारलं तर का सुधारलं ते कळत नाही, बिघडलं तर का बिघडलं तेही नाही. वाळून वळलेलं पान पुन्हा सरळ होत नाही. सुधारणा नव्या पानावर दिसते आणि नवं पान यायला आठवडा लागतो. तेवढं थांबायची तयारी हवी.

मी नव्या खोलीत कुठलंही झाड न्यायच्या आधी तीन दिवस दिवे, पंखे, टायमर रिकामे चालवतो आणि वहीत चार वेळा आकडे लिहितो: दिवे लागायच्या आधी, दिवे लागून तीन तासांनी, दिवे बंद होताना आणि बंद होऊन दोन तासांनी. झाडं आत आली की पुन्हा तीन दिवस तेच. पहिल्या आणि दुसऱ्या तीन दिवसांतला फरक म्हणजे झाडांनी सोडलेली वाफ. तो हातात आला की पंखा किती मोठा हवा, डिह्युमिडिफायर लागेल की नाही, हे तेव्हाच ठरवतो.

ज्यांच्याकडे आज वहीही नाही, त्यांनी आज रात्री एवढंच करा. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन आत जा आणि रॅकच्या पाइपवर बोट फिरवा. ओलं लागलं तर पंखा रात्रभर चालू ठेवा, उद्याचं पाणी सकाळी घाला, आणि मग मला फोटो पाठवा.