लाइट रेलच्या विस्तारावर हरकती-सूचना मागवल्यात? तुमचं म्हणणं असं नोंदवा

उपनगरापर्यंत लाइट रेल, म्हणजे बऱ्याचदा रस्त्यातल्याच रुळांवरून धावणारी ट्रामसारखी गाडी, वाढवण्याचा प्रस्ताव येतो, नकाशे लागतात, हरकती-सूचनांची शेवटची तारीख जाहीर होते. मग बहुतेक जण दोनपैकी एकच गोष्ट लिहून पाठवतात: ‘लवकर करा’ किंवा ‘आम्हाला नको’. ही मतं मोजली जातात आणि आकड्यात जमा होतात. आराखड्यातली रेघ सरकते ती एका ठरावीक जागेबद्दल, कारणासकट, पर्याय देऊन लिहिलेल्या सूचनेमुळे. मी पहिल्यांदा अशा सुनावणीला गेले तेव्हा पोटतिडकीने दोन पानं लिहिली होती. अहवालात त्यांची एक ओळ झाली: ‘एका नागरिकाचा विरोध.’ मी विरोधात नव्हतेच. मला थांबा चौकाच्या अलीकडे हवा होता, एवढंच.

काय ठरायचं बाकी आहे, ते आधी बघा

विस्ताराचे निर्णय टप्प्याटप्प्याने होतात. आधी कोणत्या पट्ट्यातून जायचं, मग नेमका मार्ग, मग थांबे आणि चौक, शेवटी बांधकामाचं वेळापत्रक. मार्ग पक्का झाल्यावर मार्गाविरुद्ध लिहिलेलं पत्र फाइलला लागतं, पण थांब्यांबद्दल लिहिलेलं त्याच वेळी कामाला येतं. म्हणून सूचनापत्र वाचताना कोणता टप्पा चालू आहे ते शोधा, आणि स्पष्ट नसेल तर लेखी विचारा.

इंग्लंडमध्ये 1985 साली शाळांसंबंधीच्या गनिंग खटल्यात अशा सल्लामसलतीच्या चार कसोट्या मांडल्या गेल्या. प्रस्ताव अजून घडत असताना लोकांना विचारावं, मत देता येईल इतकी माहिती आणि कारणं द्यावीत, पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेल्या मतांचा निर्णयाआधी मनापासून विचार करावा. 2014 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्या मान्य केल्या. कायदा तिथला असला तरी हे चार प्रश्न कुठल्याही सभेत उभं राहून विचारता येतात.

रंगीत चित्र नको, आडवा छेद मागा

माहितीपत्रकावर हिरवळीतून धावणारी गाडी असते. त्यावरून काहीच कळत नाही. मागायचे ते तीन कागद: मार्गाचा आराखडा, रस्त्याचा आडवा छेद आणि वाहतुकीचा अभ्यास. आडवा छेद म्हणजे रस्ता कापून समोरून पाहिल्यासारखं चित्र. त्यात पदपथ, झाडं, गाड्यांच्या मार्गिका आणि रूळ यांची रुंदी मीटरमध्ये दिलेली असते. दोन रुळांना साधारण सात-आठ मीटर लागतात. ते कुणाच्या वाट्यातून काढलेत, हे इथेच दिसतं. रूळ इतर वाहनांच्या मार्गिकेतच असतील तर गाडी त्यांच्यासोबत कोंडीत उभी राहणार, हेही इथेच कळतं. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

विस्ताराचं टोक कुठे संपतं, तेही बघा. आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये 2004 साली तिथल्या लाइट रेलचे, म्हणजे लुआसचे, दोन मार्ग सुरू झाले, पण ते एकमेकांना जोडलेले नव्हते. डिसेंबर 2017 मध्ये जोड होईपर्यंत प्रवाशांना मधलं अंतर चालावं लागायचं.

आता मार्गावरून चालून या

ही पायरी गाळू नका. आराखड्यावर ठरावीक अंतराने साखळी क्रमांक असतात, म्हणजे मार्गाच्या सुरुवातीपासूनचं अंतर. तो कागद, पेन आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन प्रस्तावित थांब्यांपाशी जा, शक्यतो सकाळच्या गर्दीत.

थांबा रस्त्याच्या मधोमध असेल तर तिथपर्यंत पोचायला रस्ता ओलांडावा लागणार. रस्ता 24 मीटर रुंद धरा. पादचाऱ्यांचा सिग्नल ठरवताना चालण्याचा वेग बऱ्याचदा सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या हिशेबाने 20 सेकंद पुरतात. काठी टेकत चालणाऱ्या आजींचा वेग 0.8 मीटर असेल, तर त्यांना 30 लागतात. विसावं सेकंद संपतं तेव्हा त्या 16 मीटरवर असतात, पुढे अजून आठ मीटर रस्ता आणि सुटायला टपलेल्या गाड्या. हे आकडे कागदावर मांडले की ‘ज्येष्ठांची गैरसोय होईल’ हे मोघम वाक्य लिहायची गरज उरत नाही. थेट मागणी करता येते: सिग्नलची वेळ वाढवा किंवा मध्ये थांबायला सुरक्षित जागा द्या.

चौकातही असाच हिशेब करा. दोन्ही दिशांनी दर 10 मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला 12 गाड्या, सरासरी दर पाच मिनिटांनी एक. तिला सिग्नलवर अग्रक्रम मिळणार का, हे विचारा. घट्ट वळणावर चाकं कर्कश वाजतात. वळणाला लागून घरं किंवा रुग्णालय असेल तर वळणाची त्रिज्या आणि आवाज कमी करण्याचे उपाय विचारा.

जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न दुकानदारांनी तर आवर्जून विचारावा. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गमध्ये रस्त्याखालच्या नळ आणि केबल हलवण्याचं काम ठरल्यापेक्षा खूप लांबलं. इतर कारणांचीही भर पडून ट्राम 2014 मध्ये आखूड मार्गावर सुरू झाली, खर्च 77 कोटी 60 लाख पौंडांवर गेला, आणि मूळ योजनेतलं शेवटचं टोक, न्यूहेवन, गाठायला 2023 उजाडलं. तेव्हा रस्ता किती महिने खोदलेला राहील आणि दुकानापर्यंत माल कसा येईल, हे लेखी घ्या.

लिहिताना

एका मुद्द्याला एक परिच्छेद. आधी जागा, मग अडचण, मग मागणी. उदाहरणार्थ: ‘साखळी क्रमांक 2400 जवळचा थांबा शाळेच्या फाटकासमोरच्या चौकापलीकडे दाखवला आहे. मुलांना दोन सिग्नल ओलांडावे लागतील. थांबा चौकाच्या अलीकडे घ्यावा; शक्य नसल्यास कारण कळवावं.’ शेवटचे चार शब्द विसरू नका, त्यांच्यामुळे उत्तर द्यावं लागतं. प्रकल्पाला पाठिंबा असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहा, नाहीतर माझ्यासारखं होतं. एकच छापील मजकूर शंभर जणांच्या सह्यांनी गेला तर अहवालात बऱ्याचदा तो एकच मुद्दा म्हणून येतो. प्रत्येकाने आपल्या थांब्याबद्दल आपल्या शब्दांत चार ओळी लिहिलेल्या बऱ्या.

पत्र दिलं की पोच घ्या, आवक क्रमांक जपून ठेवा. सभेत बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा एकच मुद्दा बोला आणि बाकीचं लेखी दिलंय असं सांगा. इतिवृत्त कधी मिळेल, तेही तिथेच विचारून घ्या.

अहवाल आला की आपला क्रमांक शोधा. समोर ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ एवढंच असेल तर परत एक पत्र द्या: कोणत्या मोजमापामुळे शक्य नाही, तो नकाशा दाखवा. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक त्यावर घाला.