आधी ब्रेक ठरवा, मग रिम: सायकल जोडताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या शहापुरातला एक पोरगा सायकल ढकलत आमच्या दारात आला. आजोबांची काळी, दांडीच्या ब्रेकची जुनी सायकल. तिला त्याने नव्या अॅल्युमिनियमच्या डबल वॉल रिम घातल्या होत्या, वर चकचकीत कॅलिपर ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे. "दादा, तीन दिवस झाले सेट करालोय, खरं ब्रेकच लागंना." मी पुढचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक दाबला. रबर रिमला शिवतच नव्हते. टायरच्या कडेला घासत होते, तिथे चर पडायला सुरुवातही झाली होती.

त्याने आधी रिम घेतली, कारण ती आवडली. मग हब (चाकाचा मधला भाग), मग टायर, आणि उरलेल्या पैशात ब्रेक. बेळगावात हौसेने सायकली जोडणाऱ्या बहुतेकांचा क्रम हाच असतो, माझाही पहिल्या सायकलीला हाच होता. खरा क्रम उलटा आहे: फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) कुठला ब्रेक घेऊ शकतात ते आधी बघायचं, त्यावरून रिम.

"अठ्ठावीसची द्या" म्हणून रिम आणणे

दुकानात मराठीत मागा नाहीतर कन्नडमध्ये, 'अठ्ठावीस' हा आकडा फसवाच. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा टायर २८ × १½ असतो, आणि तो रिमवर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. हल्लीच्या हायब्रिड आणि रोड सायकलींचा ७००सी टायरही काही ठिकाणी २८ म्हणूनच विकला जातो; त्याचा व्यास ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे एका बाजूला साडेसहा. त्या पोराचे रबर टायरला लागत होते ते याच साडेसहा मिलिमीटरमुळे.

सव्वीसचंही तसंच. एमटीबीची, म्हणजे माउंटन बाइकची, २६ म्हणजे ५५९, तर २६ × १⅜ म्हणजे ५९०, जी लेडीज सायकलींना सर्रास दिसते. अपूर्णांकात लिहिलेला आकार आणि दशांशात लिहिलेला आकार कागदावर जुळले तरी चाकावर जुळत नाहीत. टायरच्या कडेला ४०-६३५ किंवा ३७-६२२ असा जोडअंक असतो. त्यातला दुसरा आकडा वाचा, इंच विसरा.

आकार बदलायचाच असेल तर ब्रेकच्या बोल्टच्या भोकापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर स्केलने मोजा. चाक नीट बसवून, पुढे आणि मागे दोन्हीकडे. रोड सायकलीचे साधे कॅलिपर ३९ ते ४९ मिलिमीटरपर्यंत पोचतात, त्याहून लांब हातांचे ४७ ते ५७. जुन्या फ्रेमला बऱ्याचदा तेही अपुरे पडतात. आणि व्ही-ब्रेकचे (दोन उभ्या हातांनी रिम दाबणाऱ्या ब्रेकचे) खुंटे फ्रेमला वेल्ड केलेले असतात, ते वरखाली सरकत नाहीत. ५५९ च्या फ्रेममध्ये ६२२ ची रिम घातली तर रबराला साडेएकतीस मिलिमीटर वर जावं लागेल. जाणार नाही. डिस्क ब्रेकला ही अडचण नाही, कारण तिथे ब्रेक हबजवळच्या चकतीला लागतो.

आणखी एक गोष्ट राहून जाते. दांडीचा ब्रेक रिमच्या बाजूला लागतच नाही, तो आतून, आऱ्यांच्या अंगाने वर ओढला जातो. म्हणून त्या जुन्या रिमच्या कडा गोल वळलेल्या असतात. अशा रिमला कॅलिपरचं रबर सपाट टेकू शकत नाही, कितीही आवळा.

हबची आणि रिमची भोकं सारखी हवीत हे सांगायला नको. तरी मोजा: ३२, ३६, जुन्या ब्रिटिश धाटणीत पुढे ३२ आणि मागे ४०. नव्या रिमला जुन्या आऱ्या चालतील असं गृहीत धरू नका. लांबी परत काढा.

मूठ एका जातीची, ब्रेक दुसऱ्या जातीचा

या चुकीने सगळ्यात जास्त डोकं फिरतं, कारण सगळं बसतं, दिसतंही बरोबर. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढावी लागते, कॅलिपरच्या जवळजवळ दुप्पट. कॅलिपरची मूठ (हँडलवरचा ब्रेक लिव्हर) व्ही-ब्रेकला जोडली तर मूठ हँडलला टेकते तरी रबर पोचत नाही. मग आपण रबर रिमच्या अगदी जवळ आणतो. मग रिम जराशी आऊट (वाकडी) झाली की घासते. मग आऊट काढत बसतो. दोष मात्र मुठीत असतो.

उलट जोडी जास्त धोक्याची. व्ही-ब्रेकची मूठ आणि कॅलिपर घेतला तर हाताला ब्रेक छान कडक लागतो, आणि सायकल थांबत नाही. रोड सायकलीचं वळणदार हँडल (त्याच्या मुठी कॅलिपरच्या जातीच्या) लावायचं असेल आणि फ्रेमला व्ही-ब्रेकचे खुंटे असतील तर आखूड हातांचे मिनी व्ही घ्या. केबलवर चालणाऱ्या डिस्कमध्येही रोडच्या मुठीचा आणि एमटीबीच्या मुठीचा असे दोन प्रकार येतात, घेताना विचारा.

"उद्यमबागेतून वेल्ड करून आणतो"

आपल्या गावाचं हे सुख आणि हीच खोड. उद्यमबागेत फाउंड्रीपासून हायड्रॉलिकपर्यंत सगळं आहे, काहीही करून मिळतं. म्हणून जुन्या चिमट्याला डिस्क कॅलिपरचा (चकती दाबणाऱ्या भागाचा) कान वेल्ड करून घ्यायचा मोह होतो. वेल्ड उत्तम होईल, चिमटा तरीही चुकीचा राहील. रिम ब्रेकचा जोर चिमट्याच्या वरच्या टोकाला येतो, तिथली नळी जाड असते. डिस्कचा सगळा जोर चिमट्याच्या डाव्या पायाच्या खालच्या टोकाला येतो, आणि जुना चिमटा नेमका तिथेच निमुळता होत जातो. शिवाय कॅलिपर पायाच्या मागे असला की ब्रेक लावताना चाकाची धुरी खाचेतून खाली ढकलली जाते. डिस्क हवी तर डिस्कसाठीच बनवलेला चिमटा घ्या. हे मी नरमाईने सांगू शकत नाही.

तेल आणि वायर

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या अंगावर लिहिलेलं तेलच घाला. शिमानोचे मिनरल ऑइलवर चालतात, आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मोटारसायकलचं डॉट तेल (ब्रेक फ्लुइड) हाताशी असतं. ते घातलं की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक गेला.

गिअरच्या केबलचं बाहेरचं नळकांडं ब्रेकला वापरू नका. त्याच्या आत तारा उभ्या असतात, ब्रेकच्या नळकांड्यात त्या वेढे घेतलेल्या असतात. जोरात ब्रेक मारल्यावर उभ्या तारांचं नळकांडं फुटू शकतं.

आपल्या मातीतल्या तक्रारी

ब्रेक किंचाळतो? रबराचं पुढचं टोक रिमला किंचित आधी लागेल असं बसवा, मागच्या टोकाखाली जाड कागद ठेवून आवळलं की जमतं. तरी आवाज येत असेल तर सायकल वॉशिंग सेंटरला नेली होती का आठवा. तिथे धुऊन झाल्यावर डिझेल नाहीतर पॉलिश मारतात. डिस्क पॅडने ते एकदा पिलं की बहुतेक वेळा पॅडच बदलावे लागतात.

जांबोटी, कणकुंबीकडून पावसात आलात तर रबर काढून बघा. तांबडी माती आणि अॅल्युमिनियमचे कण त्यात रुतलेले दिसतील, आणि तेच पुढे रिम खातात. सुईने उकरा, पॉलिश पेपर फिरवा. रिमच्या कडेला स्टीलची पट्टी लावा; मधून उजेड दिसला म्हणजे कड आत गेली आहे, ती रिम चोर्ला घाटात नेऊ नका. आणि क्रोमच्या स्टील रिमवर ओल्या दिवसात साधं रबर जवळजवळ नुसतं सरकतं. तो काही तुमच्या जोडणीचा दोष नाही.

त्या पोराच्या ६२२ च्या रिम शेवटी एका सेकंडहँड हायब्रिडच्या फ्रेमला गेल्या, नवे व्ही-ब्रेक आणि त्यांच्याच मुठी घेऊन. आता राजहंसगडाचा चढ तो तिच्यावर चढतो. आजोबांच्या सायकलीला जुन्या रिम आणि दांडीचे ब्रेक परत बसवले. जून ते सप्टेंबर ती माळ्यावर टांगलेली असते.