बोटीवरचा जुना व्हीएचएफ रेडिओ बदलताना

बोटीवरच्या व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या लहरींवर चालणाऱ्या, रेडिओवरून बोललेले समोरच्या बोटीला तुटक ऐकू येऊ लागले, की बहुतेक बोटमालक नवा संच आणतात, तो जुन्याच्या जागी बसवतात आणि तीच जुनी केबल त्याच्या पाठीमागे जोडतात. पुष्कळदा त्यानंतरही परिस्थिती सुधारत नाही, कारण बिघाड संचात नसून अँटेनात, केबलमध्ये किंवा खाऱ्या हवेने गंजलेल्या एखाद्या कनेक्टरमध्ये असतो. म्हणून खरेदीपूर्वी दोष नेमका कोठे आहे हे शोधावे. बोलण्याचे बटण दाबताच पडद्याचा प्रकाश मंदावत असेल किंवा संच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर वीजपुरवठा तपासावा. खात्रीचा दुसरा अँटेना आखूड केबलने थेट संचाला जोडल्यावर आवाज स्पष्ट पोहोचत असेल, तर संच निर्दोष आहे. अँटेनाकडे गेलेली ऊर्जा कितपत परत येते हे दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा आकडा १.५ च्या आत असल्यास उत्तम, २ पर्यंत चालण्याजोगा आणि ३ च्या वर गेल्यास दोष निश्चित असे समजावे. मात्र हे मोजमाप केवळ संचाजवळ करून थांबू नये. लांब आणि खराब केबल अँटेनाकडून परत येणारी ऊर्जाही वाटेतच जिरवते, त्यामुळे मीटरवर आकडा चांगला दिसतो आणि प्रत्यक्षात अँटेनापर्यंत फारच थोडी ऊर्जा पोहोचत असते. शक्य असेल तेथे अँटेनाच्या टोकाशीही मोजावे.

संच चालू स्थितीत असूनही तो बदलावा असे एक सबळ कारण आहे, आणि ते म्हणजे डीएससी, अर्थात डिजिटल निवडक हाकेची सोय. झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून धरले, की बोटीचा ओळख क्रमांक, तिचे स्थान आणि वेळ असलेला संकट-संदेश चॅनेल ७० वरून आपोआप जातो, आणि त्या टापूतील डीएससी असलेल्या बोटी व किनारी केंद्रे यांच्याकडे गजर वाजतो. बोलणाऱ्याचा आवाज कापत असला, त्याला अक्षांश-रेखांश सांगता येत नसले किंवा दुसरी भाषा बोलता येत नसली, तरी संदेश अचूक पोहोचतो. मोबाइल फोन एकाच व्यक्तीला लागतो आणि किनाऱ्यापासून दूर गेल्यावर तोही लागत नाही. रेडिओची हाक मात्र आसपासच्या सर्वांना एकाच वेळी ऐकू येते, आणि मदतीला सर्वांत आधी पोहोचू शकणारी बोट बहुधा त्यांच्यातलीच असते. खरेदी करताना संच ‘क्लास डी’ दर्जाचा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण त्यात चॅनेल ७० साठी स्वतंत्र रिसीव्हर असतो आणि आपण दुसऱ्या चॅनेलवर बोलत किंवा ऐकत असतानाही त्यावरची नजर सुटत नाही. डीएससी असलेल्या काही जुन्या, स्वस्त संचांत ही सोय नव्हती.

प्रक्षेपण शक्तीची तुलना करण्यात वेळ घालवू नये. बोटीत कायम बसवायच्या सर्व संचांची कमाल शक्ती २५ वॅट असते आणि जवळच्या संभाषणासाठी ती १ वॅटवर आणता येते. अंतर्गत जीपीएस ही मात्र खरोखर मोलाची गोष्ट आहे, कारण बोटीवरील इतर उपकरणे बंद पडली तरी संकट-संदेशात स्थान जाते. रहदारीच्या जलमार्गात किंवा धुक्यात जाणाऱ्यांनी एआयएस, म्हणजे आसपासच्या जहाजांची ओळख आणि स्थान कळवणाऱ्या यंत्रणेचा, रिसीव्हर असलेला संच घ्यावा. केबिन आणि सुकाणू वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर सुकाणूजवळ दुसरा मायक्रोफोन जोडता येणे महत्त्वाचे ठरते. आयपीएक्स७ या दर्जाचा संच १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो, आणि उघड्या बोटीसाठी याहून कमी दर्जा स्वीकारू नये. शेवटी संच हातात घेऊन पाहावा. ओल्या, थंड बोटांनी फिरवता येईल असे बटण आणि इंजिनाच्या आवाजावर मात करणारा स्पीकर या गोष्टी माहितीपत्रकावरून कळत नाहीत.

आता अँटेनाकडे वळू, कारण रेडिओची पोहोच मुख्यतः त्याच्या उंचीवर ठरते. व्हीएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिजापलीकडे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला २.२ ने गुणले, की रेडिओ-क्षितिजाचे अंतर साधारणपणे सागरी मैलांत मिळते. त्यानुसार ४ मीटर उंचीवरचा अँटेना सुमारे साडेचार मैल आणि १६ मीटर उंचीच्या डोलकाठीवरचा सुमारे नऊ मैल पाहतो, आणि दोन बोटींमधील संपर्काची मर्यादा ही त्या दोघींच्या अंतरांची बेरीज असते. अँटेनाची ऊर्जा एकवटण्याची क्षमता डेसिबलमध्ये सांगतात. अधिक डेसिबलचा अँटेना ऊर्जा निर्माण करत नाही. तो तिला चपट्या थरात आडवी पसरवतो. शिडाची बोट वाऱ्याने कलते तेव्हा हा चपटा थर एका बाजूला आकाशाकडे आणि दुसऱ्या बाजूला पाण्याकडे वळतो, म्हणून अशा बोटीच्या डोलकाठीवर ३ डेसिबलचाच अँटेना योग्य असतो. फारशा न कलणाऱ्या मोटारबोटीवर ६ डेसिबलचा लांब अँटेना चांगले काम देतो.

केबलच्या बाबतीत काटकसर करणे सर्वांत महागात पडते. २० मीटर लांबीच्या आरजी-५८ या बारीक केबलमधून २५ वॅटपैकी सुमारे १० वॅटच अँटेनापर्यंत पोहोचतात. त्याच लांबीच्या आरजी-८एक्समधून साधारण निम्मे, तर जाड आरजी-२१३ मधून सुमारे १६ वॅट पोहोचतात. लहान बोटीत केबल पाच-सहा मीटरचीच असेल तर आरजी-८एक्स पुरेशी आहे, पण उंच डोलकाठीसाठी वजन थोडे वाढले तरी आरजी-२१३ घ्यावी. दोन्ही प्रकारांत तांब्यावर कथलाचा मुलामा असलेली, सागरी वापरासाठीची केबल निवडावी. केबल वळवताना वळणाची त्रिज्या तिच्या व्यासाच्या सुमारे दहापट ठेवावी, कारण तीव्र वळणावर आतील मऊ थर दबून मधली तार जागची सरकते. वाटेत जोड जितके कमी तितके चांगले. उघड्यावरच्या प्रत्येक कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे पाणी तिच्या पदरांवरून ओघळून जाते. केबल डेकमधून आत शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा द्यावा, म्हणजे पाण्याचे थेंब तेथूनच गळून पडतात. पीएल-२५९ कनेक्टर नीट सोल्डर केलेला असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. सोल्डरिंग येत नसल्यास हे एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे. मल्टीमीटरने तपासताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की काही अँटेनांच्या आतील रचनेमुळे मधली तार आणि बाहेरची जाळी मीटरला एकमेकींना जोडलेल्या दिसतात. त्यामुळे केबलची तपासणी अँटेना काढूनच करावी.

संचाची जागा ठरवताना स्पीकरमध्ये चुंबक असतो हे विसरू नये. होकायंत्रापासून राखायचे सुरक्षित अंतर माहितीपुस्तिकेत दिलेले असते. भोके पाडण्यापूर्वी संच त्या जागी हाताने धरून, चालू करून, सुई हलते का ते पाहावे. संचाच्या पाठीमागे कनेक्टर आणि केबलच्या वळणासाठी जागा लागते हेही आधीच मोजावे. नव्या संचाचा आकार जुन्याशी क्वचितच जुळतो, म्हणून कागदी साचा चिकटवून पाहिल्याशिवाय करवत हातात घेऊ नये.

काम सुरू करताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा. पूर्ण शक्तीने बोलताना संच ५ ते ६ अँपिअर प्रवाह ओढतो. पॅनेल ५ मीटर अंतरावर असेल, तर जाण्या-येण्याची मिळून १० मीटर तार होते, आणि व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवण्यासाठी ती ४ चौरस मिलिमीटर जाडीची लागते. संचाला स्वतंत्र स्विच आणि पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेचाच फ्यूज द्यावा. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर संच जोडल्यास स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली येऊन तो बंद पडू शकतो, म्हणून वेगळी बॅटरी असल्यास तिलाच जोडावा. अँटेना जोडल्याशिवाय बोलण्याचे बटण कधीही दाबू नये, कारण त्यामुळे संचाचा प्रक्षेपण करणारा भाग जळू शकतो.

अंतर्गत जीपीएस नसेल, तर चार्टप्लॉटरकडून, म्हणजे पडद्यावर सागरी नकाशा दाखवणाऱ्या उपकरणाकडून, स्थानाची माहिती आणावी लागते. बोटीवरील उपकरणांना एकमेकांशी जोडणारे एनएमईए २००० जाळे असेल तर हे एका जोडणीचे काम आहे. जुन्या एनएमईए ०१८३ मध्ये एकाची पाठवण्याची जोडी दुसऱ्याच्या घेण्याच्या जोडीला लावायची असते आणि तारांचे रंग उत्पादकागणिक बदलतात, म्हणून रंगावर विसंबून न राहता दोन्ही पुस्तिका समोर ठेवाव्यात. माहिती पाठवण्याचा सामान्य वेग ४८०० बॉड, तर एआयएसच्या माहितीसाठी ३८४०० बॉड असतो. पडद्यावर खरे अक्षांश-रेखांश दिसेपर्यंत हे काम पूर्ण झाले असे मानू नये.

एमएमएसआय हा संकट-संदेशातून जाणारा बोटीचा नऊ अंकी ओळख क्रमांक आपल्या देशातील अधिकृत यंत्रणेकडून घ्यावा आणि त्याच वेळी बोटीच्या रेडिओसाठी व चालकासाठी कोणता परवाना लागतो याचीही चौकशी करावी. अनेक संचांत हा क्रमांक वापरणाऱ्याला फार तर एकदा-दोनदाच भरता येतो, पुढे उत्पादकाकडे जावे लागते. त्यामुळे तो अंक-अंक वाचून, शक्यतो दोघांनी मिळून भरावा. जुना संच विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर त्यातील क्रमांक आधी पुसून घ्यावा, नाहीतर त्याच्या संकट-संदेशावरून मदत भलत्याच बोटीच्या शोधात निघेल.

चाचणीसाठी लाल बटण दाबणे किंवा संकटाच्या हाकेसाठीचे चॅनेल १६ अडवून ठेवणे टाळावे. डीएससीच्या यादीत चाचणी-हाकेचा वेगळा पर्याय असतो, तो ओळखीच्या बोटीला किंवा अशी हाक स्वीकारणाऱ्या किनारी केंद्राला पाठवावा. आवाजाची चाचणी कामकाजाच्या चॅनेलवर घ्यावी. शेजारच्या धक्क्यावरील बोटीशी बोलून मिळालेली शाबासकी निरर्थक असते, कारण इतक्या जवळ सदोष अँटेनाही पोहोचतो. काही मैलांवरच्या केंद्राशी बोलून पाहावे. त्यानंतर शांत चॅनेलवर स्क्वेल्चचे बटण खरखर जेमतेम थांबेल इतके फिरवून बोटीवरील दिवे, पंप आणि चार्जर एकेक करून चालू करावेत. खरखर परत आली तर ते उपकरण ग्रहणात अडथळा आणत आहे. डोलकाठीवरच्या एलईडी दिव्यांबाबत विशेष दक्ष राहावे. असे दिवे व्हीएचएफ आणि एआयएसच्या ग्रहणात अडथळा आणू शकतात, याबद्दल अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये इशारा दिला होता.

शेवटी संचाशेजारी एक जलरोधक पाटी लावावी. तिच्यावर बोटीचे नाव, हाक-चिन्ह (कॉल साइन), एमएमएसआय क्रमांक आणि लाल बटण दाबल्यानंतर चॅनेल १६ वर काय बोलायचे ते मोठ्या अक्षरांत लिहावे. बोट चालवणारी व्यक्तीच पाण्यात पडली, तर रेडिओ कधी हाती न धरलेल्या सोबत्यालाच मदत मागावी लागेल. म्हणून प्रत्येक सफरीपूर्वी सर्वांना ती पाटी दाखवून मोठ्याने वाचून घ्यावी.