मैदान हिरवं होण्याआधीच बिघडतं: टर्फच्या कामावर या चुका टाळा

मार्च 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी इंदूरला झाली, पण ती मुळात आपल्या इंदूरची नव्हतीच. धरमशालेचं आउटफिल्ड नव्यानं केलं होतं, तिथलं गवत वेळेत दाट भरलं नाही, म्हणून सामना होळकर स्टेडियमवर आला. लोकांच्या लक्षात राहिली ती इथली खेळपट्टी. आधी आयसीसीनं तिला 'निकृष्ट' ठरवलं आणि अपिलानंतर शेरा थोडा सौम्य केला. मैदानाच्या कामावर उभं राहणाऱ्या माणसानं मात्र धरमशालेचा किस्सा डोक्यात ठेवावा. मजूर वाढवता येतात, रोलर भाड्यानं मिळतो, गवताला घाई करता येत नाही.

आपल्याकडे पहिली चूक इथंच होते. पावसाळाभर कुणाला मैदान आठवत नाही. दिवाळीचा फराळ संपला की फोन येतो, "अहो, जानेवारीत टुर्नामेंट आहे, तेवढं गवत लावून द्या." बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीची सुधारलेली भावंडं, ही उन्हाळी गवतं. रात्री गार पडायला लागल्या की त्यांचे धावते फुटवे थांबतात. नोव्हेंबरात लावलेल्या काड्या मरत नाहीत, पण पसरतही नाहीत. फेब्रुवारी सरेपर्यंत जमीन उघडी राहते आणि तणाचं फावतं. माती, उतार आणि पाइप एप्रिल-मेमध्ये, लागवड जूनअखेर ते जुलैत, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. तिथं जीभ जड होते, माझीही झालीय. पण जानेवारीत ऐकून घेण्यापेक्षा ते बरं.

दुसरी चूक मृगाच्या पावसाची. काम थोडंच उरलंय म्हणून ओल्या काळ्या मातीवर ट्रॅक्टर घालतात. माळव्याची माती भिजली की फुगते आणि चाकाखाली दाबली गेली की पाणी मुरू देत नाही. वर गवत आलं तरी पुढच्या पावसात चाकोऱ्यांचे पट्टे पिवळे दिसतात. मूठभर माती हातात घेऊन वळी करा. वळी न तुटता झाली तर त्या दिवशी यंत्र आत नाही. ठेकेदार कुरकुर करेल, करू द्या.

आता निचरा. यावर मी जरा जास्तच बोलतो असं घरचे म्हणतात. 105 बाय 68 मीटरच्या फुटबॉल मैदानावर 50 मिमी पाऊस झाला तर साडेतीन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. ते कुठं जाणार, हे नकाशावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ठरतं ते चर बुजवण्याआधीच्या अर्ध्या तासात. पाणी वाहून न्यायला चरात घातलेल्या छिद्रांच्या पाइपला निदान अर्धा टक्का उतार हवा, म्हणजे 20 मीटरला 10 सेंटीमीटर. हे डोळ्यानं कळत नाही, ऑटो लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावूनच बघावं लागतं. एका कामावर मी नातेवाइकांच्या लग्नाला गेलो आणि संध्याकाळी परतलो तोवर चर गिट्टीनं भरला होता. "साहेब, एकदम सरळ आहे," असं सांगितलं, मीही मान डोलावली. जुलैत नेमकं गोलपोस्टसमोर डबकं. उकरलं तर पाइपच्या मध्यात पोट पडलेलं, त्यात गाळ साचलेला. तेव्हापासून प्रत्येक चराचा, टेप धरून, तारखेसह फोटो घेतल्याशिवाय मी गिट्टी टाकू देत नाही. फोटोत मागं ओळखीची एखादी खूण यावी, नाहीतर वर्षानं तो कुठल्या चराचा हेच कळत नाही. आणखी एक: पाइपला कापड गुंडाळायचा मोह टाळा. बारीक गाळानं कापडच बंद होतं आणि मग पाइप आत कोरडाच राहतो.

वाळूच्या बाबतीत भाव बघून फसतात. नदीची वाळू महाग, म्हणून अर्धी क्रशरची चुरी मिसळलेली गाडी येते. चुरीतली पूड बसते आणि मैदान सिमेंटसारखं होतं. गाडी रिकामी होण्याआधी काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा, तासभर ठेवा. पाणी गढूळच राहिलं किंवा वर चिखलाचा जाड थर बसला तर गाडी परत. दर गाडीची बाटली वेगळी. पहिली गाडी नेहमीच चांगली असते!

तयार गवताच्या गाद्या अंथरताना होणारी चूक जरा उशिरा कळते. चिकणमातीत वाढवलेली गादी वाळूच्या थरावर घातली की मधे मातीचं झाकण तयार होतं. पाणी वर साचतं, मुळं खाली उतरत नाहीत, खेळाडूचा बूट वळला की गादी सोलून निघते. शक्यतो वाळूत वाढवलेली किंवा माती धुतलेली गादी मागवा. चूक होऊनच गेली असेल तर पोकळ दात्यांच्या यंत्रानं भोकं पाडून मातीचे गट्टू बाहेर काढा आणि खालच्या थरात आहे त्याच प्रकारच्या वाळूनं भोकं भरा. एकदा करून भागत नाही.

मोथ्याबद्दल, म्हणजे लव्हाळ्याच्या तणाबद्दल, थोडक्यात. खुरप्यानं उपटला की वरचं पातं येतं, गाठींची माळ खाली राहते आणि दुप्पट फुटते. अर्धकच्च्या शेणखताबरोबर तण आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोन्ही येतात. लागवडीआधी जमीन भिजवून मोथा उगवू द्या आणि तेव्हाच मारा. गवत आल्यावर हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे तणनाशक चालतं, पण लेबलवरचं प्रमाण पाळून, आणि पुन्हा एकदा फवारावं लागतं.

हस्तांतरणानंतर डबक्याची तक्रार आली तर लगेच जेसीबी बोलवू नका. आधी लांब स्क्रूड्रायव्हर खुपसा. वरचे दोन-तीन इंच कडक आणि खाली मऊ लागलं तर वरचा थर दबलाय. भोकं पाडणं पुरेल. सहज आत गेला तर आसपासच्या लेव्हल घ्या. तिथं खड्डा निघाला तर थोडी थोडी वाळू, एका वेळी काही मिलिमीटरच, गवताची टोकं उघडी ठेवून. लेव्हल बरोबर आणि माती मऊ असूनही पाणी हटत नसेल, तर पाइपचं शेवटचं तोंड शोधा. पाऊस चालू असताना तिथं पाणी वाहतंय का ते बघा. नसेल तर आधी तोंडाशीच साफसफाई करून पुन्हा बघा. तरीही सुटलं नाही तर चरांचे ते जुने फोटो बाहेर काढा आणि डबक्याच्या वरच्या बाजूचा चर कुठला ते ओळखून तेवढाच उकरा.