मधलं घर: पडून गेलेल्या घराचा माग कसा काढावा

कोकणातल्या पडलेल्या घराचा माग काढायचा असेल, तर पहिल्याच दिवशी सातबारा काढायला जाऊ नका. सल्ला देणारे सगळे तेच सांगतात, आणि माणूस तलाठ्याच्या दारात खेपा घालून शेवटी जमीन कोणाच्या नावावर आहे एवढंच कळून घरी येतो. आपल्याकडे जमिनीचा मालक आणि घरात राहणारा ही पुष्कळदा दोन वेगळी माणसं. खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या गावात तर हमखास. जमीन खोताची, वर घर कुळाचं. खोती गेली १९४९ च्या कायद्यानं, आणि कुळं कसत्या जमिनीची मालक झाली ती १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर, तीही कोर्टकज्जे लढत. त्याआधी पडलेलं घर सातबाऱ्यावर घरवाल्याच्या नावानं सापडेल ही आशा सोडा.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. वाडीत वरचं घर आहे, आम्ही खालच्या घरचे, आणि मध्ये करवंदीच्या जाळ्यांत एक जोतं, म्हणजे पडलेल्या घराचा चौथरा. त्याला सगळे अजून मधलं घर म्हणतात. तिथं कोण राहायचं हे विचारलं की लहानपणी एकच उत्तर मिळायचं, ‘भूकंपात पडला,’ म्हणजे कोयनेच्या. लग्न होऊन डोंबिवलीला आले, मुलं मोठी झाली, तेव्हा कुठं मी याच्या मागं लागले. त्यातून जे हाताला लागलं ते इथं सांगते. नगर भूमापन झालेल्या शहरातल्या वाड्याची गोष्ट निराळी. तिथं मालमत्ता पत्रकापासून सुरुवात केलीत तरी चालेल.

आधी जागा बघा. शिमगा झाल्यापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंतचे दिवस उत्तम. गवत वाळलेलं असतं, गुरांनी खाल्लेलं असतं, जोत्याच्या कडा उघड्या पडतात. हातात काठी, पायात बूट, बरोबर वाडीतलं कुणीतरी. चिऱ्यांच्या फटींत जनावर, म्हणजे साप असतो, हे काही गंमत म्हणून सांगत नाही. टेपनं लांबी-रुंदी घ्या, पायऱ्या कुठल्या अंगाला आहेत ते बघा, म्हणजे ओटी कुठं होती ते कळतं. पडवीत जमिनीत पुरलेलं उखळ बहुधा जागेवरच राहतं, कारण ते उपसून नेणं कुणाला परवडत नाही. न्हाणीची जागा शोधायची तर अळू आणि केळी कुठं माजल्यात ते बघा. सांडपाण्यावर लावलेलं अळू माणसं गेल्यावरही हटत नाही. रानात एकटाच अनंत किंवा तगर दिसली तर ती पूजेच्या फुलांसाठी कुणीतरी लावलेली आहे, आपसूक आलेली नाही.

मात्र खणू नका. एक कुदळ मारलीत की संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं की अमकी पुरलेलं धन काढायला आली.

कौलांचे तुकडे गोळा करा आणि उलटे करून धुवा. मंगलोरी कौलावर कारखान्याचा छाप असतो. बासेल मिशनच्या कौलावर १८६५ असं साल दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नाही. आल्बुकर्कच्या कौलावरच्या १८६८ चं तेच. पण छापात नाव कुठलं आहे ते कामाला येतं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढं ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा कौलावर कॉमनवेल्थ असेल तर ते छप्पर त्या लढाईनंतरचं. छप्पर म्हणतेय, घर नव्हे. आधी गवतानं नाहीतर नळ्याच्या कौलांनी शाकारलेलं घर, मुंबईहून पैसे यायला लागल्यावर मंगलोरी झालं, असं घरोघरी झालंय.

आता घर गेलं कुठं? माणसं म्हणतात पडलं. पण पडलेल्या घराचा माल जातो कुठं, हा प्रश्न विचारा. आमच्याकडच्या पावसात दोन कौलं सरकली आणि कुणी चढून बसवली नाहीत की वासे कुजतात, वाळवी लागते, मातीत रचलेली भिंत भिजते आणि बसते. त्याच्या आधी किंवा नंतर तुळया, खांब, चौकटी, चिरे कुणीतरी उचलतं, कधी विकत, कधी सांगून, कधी न सांगता. म्हणून आजूबाजूचे गोठे, मांगर (शेतातल्या झोपड्या), गडगे (दगडी कुंपणं) नीट बघा. आमच्याच पडवीत एक फणसाचा खांब आहे. छातीइतक्या उंचीवर त्याला दोन्ही बाजूंनी चौकोनी खाचा आहेत, त्यांत काही बसत नाही, वर्षानुवर्षं आम्ही तिथं दिवा आणि काडेपेटी ठेवायचो. अशा उंचीवर खाचा लागतात त्या ओटीच्या कठड्याला. आमच्या पडवीला कधी कठडाच नव्हता. तो खांब मधल्या घराचा, हे काकांनी कबूल केलं, पण फुकट आणला की पैसे देऊन, यावर ते अजून गप्प आहेत.

मग माणसांकडे वळा, आणि इथं खरा वेळ द्या. पुरुषांना विचाराल तर ते हद्द, बांध आणि भांडण सांगतील. घर सांगतात ते बायका. त्या घरातून लग्न होऊन बाहेर गेलेली माहेरवाशीण शोधा. ती दोन-तीन गावं पलीकडे नांदत असते, सातबाऱ्यावर तिचं नाव बहुधा कुणी लावलेलं नसतं, म्हणून कागदवाल्यांना ती सापडतच नाही. मधल्या घरची आत्ते मला सापडली लांज्याकडच्या एका गावात. ओटीवर सुपारी कातरत बसली होती. साल विचारलं तर म्हणाली, ‘वरसाचा काय ठाऊक नाय गो. माझा लगीन झाला तवा तिथं दोन चुली व्हत्या.’ दोन चुली म्हणजे भाऊ वेगळे झालेले. भूकंपाच्या कितीतरी आधी घर आतून दुभंगलेलं होतं, हे एकाही कागदात नव्हतं.

साल कुणालाच आठवत नाही, म्हणून साल विचारूच नका. खुणा विचारा. मानमोडी म्हणजे १९१८ ची फ्लूची साथ. ती आज कुणी पाहिलेली नसली तरी ‘मानमोडीत अमक्याचा आजा गेला’ हे घराघरांत सांगितलं जातं. रामदास बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या दिवशी. किनाऱ्याकडच्या म्हाताऱ्यांना ती पक्की ठाऊक. गांधींचा खून, जानेवारी १९४८. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे. बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, गिरणीसंप १९८२. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या घरात दिवा लागायचा का?’ असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही येतं, अंदाजे येत नाही. राजापूरच्या गंगेवर, म्हणजे मधूनच प्रकटणाऱ्या तिथल्या झऱ्यांवर, मात्र साल ठरवू नका. ती तिच्या मर्जीनं येते.

कागद लागतात ते यानंतर, ऐकलेलं ताडून बघायला. माझ्या मते सगळ्यांत कामाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित कागद म्हणजे मराठी शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात पोराचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कुठल्या इयत्तेत आला, केव्हा गेला आणि का गेला हे ओळीनं असतं. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात आमच्या गावात सर्वांत जास्त वेळा काय लिहिलंय सांगू? ‘मुंबईस गेला.’ मधल्या घरच्या दोन मुलांपुढं हेच आहे, एकाच तारखेला, एकाच हस्ताक्षरात, आणि ती तारीख भूकंपाच्या तीन-एक वर्षं आधीची. म्हणजे भूकंपात पडली ती रिकामी भिंत. रजिस्टरात जात आणि जन्मतारखा असल्यामुळे गुरुजी सहजासहजी फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्या कुटुंबातल्या कुणाचा अर्ज घेऊन जा, समोर बसून वाचा, हवं तेवढं टिपून घ्या.

ग्रामपंचायतीत नमुना ८ मागा, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. आपण असेसमेंटचा उतारा म्हणतो तो. घर नंबर, मालक, घर कशाचं, लांबी-रुंदी, पट्टी किती, सगळं असतं. जुन्या वह्या कपाटाच्या तळाला असतात आणि ग्रामसेवकाची (आता म्हणायचं ग्रामपंचायत अधिकारी) खुशी असेल तर निघतात. नाही निघाल्या तर माहितीच्या अधिकारात जोडपत्र ‘अ’ भरून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पण आधी तोंडानं मागा. गावात अर्ज टाकला की आपण भांडायला आलो असाच अर्थ होतो. वाचताना एक ध्यानात ठेवा, वहीत नाव आहे म्हणजे घर उभं होतं असं नाही. मधलं घर जमीनदोस्त झाल्यावरही त्याची पट्टी कितीतरी वर्षं थकबाकीत दिसते.

आता सातबारा. ‘इतर हक्क’ या रकान्यात अमक्याचं घर अशी नोंद कधीकधी मिळते. खरा मजकूर फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. वारस लागला, वाटणी झाली, कूळ लागलं, की तिथं चार ओळी येतात आणि सातबाऱ्यावर उरतो तो नुसता आकडा. पुष्कळसे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर फी भरून मिळतात. तिथं नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. घर कुळाचं असेल तर कूळकायद्याच्या ३२ ग खालचं, म्हणजे कुळानं द्यायची जमिनीची किंमत ठरवण्याचं, प्रकरण आहे का ते विचारा. त्यातले जबाब वाचायला मिळाले तर माणसं बोलताना ऐकू येतात. दस्त झाला असेल तर दुय्यम निबंधकाकडच्या सूचीत सापडेल. आमच्याकडे झालाच नव्हता.

गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची नोंद. मागचे कागद मोडी लिपीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून पुष्कळ जिल्ह्यांत हे मोडी कागद बाहेर निघाले, स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. आपल्या गावाचे आलेत का ते एकदा बघून घ्या. मोडी वाचणाऱ्याला अख्खी वही देऊ नका, नेमकी पानं द्या आणि घराण्याची नावं आधी सांगून ठेवा. वळणदार अक्षरात ओळखीचं नाव लवकर सापडतं.

घर गावात संपलं तरी घरवाले मुंबईत सापडतात, हे विसरू नका. परळ-लालबागला गावकीची खोली असायची, एका गावचे गिरणीकामगार तिथं पाळीपाळीनं झोपायचे. त्या खोल्या गेल्या, पण गावकरी मंडळं आहेत, आणि मंडळाकडे वर्गणीच्या वह्या असतात. देवळाच्या जीर्णोद्धाराला कुणी किती दिले, कुठल्या गिरणीतून दिले, हे त्यात लिहिलेलं असतं. गाव सोडलेला माणूस घरपट्टी भरत नाही, पण देवाची वर्गणी चुकवत नाही. मधल्या घरच्या थोरल्याचा चाळीचा पत्ता मला तिथं मिळाला. गावी गुरवालाही विचारा. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, तिचा क्रम ठरलेला असतो, आणि उठून गेलेल्या घराचा मान आता कोण घेतो यावरून भाऊबंद कळतात.

वारसांना भेटायला जाल तेव्हा सातबारा हातात घेऊन जाऊ नका. कागद पाहिला की पहिली शंका, जागेवर डोळा आहे. मी गेले ती जोत्याचे फोटो आणि आमच्या झाडाचे कोकम घेऊन, आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं की जागेत आमचा काही संबंध नाही. तरी थोरल्याच्या सुनेनं चहा देता देता दोनदा विचारलंच.

लिहून काढताना प्रत्येक गोष्टीपुढं ती कुणी सांगितली ते घाला. घर का सोडलं याला मला दोन कारणं मिळाली आहेत. आत्ते म्हणते जावाजावांचं पटेना. थोरल्याकडचे म्हणतात धाकट्याला मुंबईत नोकरी लागली म्हणून. दोन्ही तशीच ठेवली, मी कोण निकाल देणार. लिहिलेलं आधी त्या घरच्यांना वाचायला दिलं. त्यांच्यातल्या एका पुतण्यानं लाल पेनानं नावं दुरुस्त केली, एक ओळ काढायला सांगितली, ती काढली. एक प्रत आत्तेकडे आहे, एक शाळेत. कठड्याच्या खांबाचा फोटो त्यात घातलाय, आणि तो आमच्याकडे कसा आला ती जागा कोरी सोडून काकांना तसं सांगितलंय.